टिटवीचा फोटो

नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. हे ठिकाण महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. येथे पक्षी येतात, तसे त्यांचे फोटो काढणारेही येतात.

पक्ष्याच्या मागे धावून फोटो मिळत नाही. खंड्या मासा पकडून बहुधा पुन्हा त्याच फांदीवर बसतो. म्हणून सूर्य पाठीशी ठेवून फांदीसमोर गप्प बसावे.

टिटवीचे मात्र वेगळे आहे. ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्येच अंडी घालते. अंड्यांचा रंगही खड्यांसारखाच! उन्हाळ्यात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. त्यामुळे अंडी फार तापत नाहीत. आपण जवळ गेलो, की ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागते. हौशी माणसाला वाटते, काय छान फोटो मिळाला! पण तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडतात. कावळाही टपलेलाच असतो. असल्या फोटोला मी तरी चांगला म्हणणार नाही.

मुलांनो, टिटवी ओरडू लागली, की कॅमेरा बंद करा आणि पायाखाली नीट बघत, आल्या वाटेने मागे फिरा.