शेपटीजवळची अक्षरे
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. परदेशी निघालेला माणूस आधी सुरत नाहीतर मुंबई गाठतो आणि मग विमानात बसतो. तरीही विमाने पाहण्याची हौस आमच्याकडे कमी नाही. आम्ही काही मुले नंदुरबार स्टेशनवर इंजिनांचे नंबर वहीत उतरवत असू. पुढे लेक लंडनला गेली, तिच्याकडे जाणे-येणे सुरू झाले आणि माझ्या वहीत इंजिनांच्या जागी विमाने आली.

परदेशात या छंदाला ‘प्लेन स्पॉटिंग’ म्हणतात. विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभे राहायचे, येणारे विमान कोणत्या कंपनीचे, कोणत्या जातीचे हे ओळखायचे, त्याचा नंबर लिहायचा आणि जमल्यास फोटो काढायचा. वरवर पाहता यापेक्षा निरुपद्रवी छंद सापडणार नाही. पण याच छंदापायी काही माणसांनी तुरुंग पाहिला आहे. म्हणून परदेशी जाणाऱ्यांना या छंदाची गोडी आणि त्याची शिस्त, दोन्ही सांगावीशी वाटतात.

आधी नंबराविषयी. आपल्या मोटारसायकलवर ‘एमएच ३९’ दिसले, की ती नंदुरबारची हे कळते. विमानाचेही तसेच आहे. शेपटीजवळची पहिली अक्षरे देश सांगतात. ‘व्हीटी’ म्हणजे भारत, ‘जी’ म्हणजे ब्रिटन, ‘एन’ म्हणजे अमेरिका, ‘डी’ म्हणजे जर्मनी, ‘जेए’ म्हणजे जपान. जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणले, त्या छोट्या विमानावरही ‘व्हीटी-एडीएन’ अशी अक्षरे होती. विमान दुसऱ्या देशात विकले गेले, की ही अक्षरे बदलतात. मात्र कारखान्यात दिलेला अनुक्रमांक मोटारीच्या चॅसिस नंबरासारखा कायम राहतो. त्यामुळे वीस वर्षांत एखादे विमान किती देशांत नांदले, हे छंदिष्ट माणूस वहीतून सांगू शकतो.

विमान कोठून पाहावे, हे वारा ठरवतो. उफणणी करणारा शेतकरी जसा आधी वारा पाहतो, तसाच वैमानिकही पाहतो, कारण विमान वाऱ्याकडे तोंड करून उडते आणि तसेच उतरते. धावपट्टीचा आकडा म्हणजे तिच्या दिशेचे अंश, शेवटचे शून्य गाळून. २७ क्रमांकाची धावपट्टी म्हणजे २७० अंश, अर्थात पश्चिम. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला ०९ आणि दुसऱ्या टोकाला २७ आहे, यावरून ती पूर्व-पश्चिम असल्याचे लगेच कळते.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ हॅटन क्रॉस स्टेशनपासून थोड्याच अंतरावर मर्टल अॅव्हेन्यू नावाची साधी गल्ली आहे. तिच्या टोकाला हिरवळ आहे. पश्चिमेचा वारा असला आणि दक्षिणेकडच्या धावपट्टीवर उतरणे चालू असले, की जवळजवळ दर दीड मिनिटाला एक विमान अगदी डोक्याजवळून जाते. दुपारी तीनला उतरण्याची धावपट्टी बदलते, हे तिथल्या नेहमीच्या मंडळींना तोंडपाठ असते. कोणी शिडी आणलेली, कोणी डबा. पोलीस येतात, दोन शब्द बोलतात आणि जातात. मँचेस्टरला तर विमानतळानेच प्रेक्षकांसाठी बाग केली असून तिथे एक कॉन्कॉर्ड विमानही ठेवले आहे. झुरिकला आणि टोकियोच्या हानेदा विमानतळावर प्रेक्षकांसाठी गच्च्या आहेत.

फोटो काढणाऱ्याने सकाळ किंवा संध्याकाळ निवडावी. दुपारी तापलेल्या धावपट्टीवरची हवा थरथरते आणि कितीही महाग कॅमेरा असला तरी चित्र पाण्यात पडल्यासारखे येते. पंख्याच्या विमानासाठी शटर फार वेगवान ठेवू नये, नाहीतर पंखा बंद पडल्यासारखा दिसतो.

आता दुसरी बाजू. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथील हवाई दलाच्या तळावर १२ ब्रिटिश आणि २ डच छंदिष्टांना अटक झाली. वह्यांतले विमानांचे नंबर हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला. एप्रिल २००२ मध्ये आठ जणांना हेरगिरीबद्दल तीन वर्षांची, तर सहा जणांना एक वर्षाची शिक्षा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपिलात ते निर्दोष सुटले, पण तोवर काही आठवडे तुरुंगात गेले होते. २०१५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा विमानतळाजवळ नंबर टिपणाऱ्या तीन ब्रिटिशांना सुमारे दोन महिने कोठडीत काढावे लागले. आपल्याकडेही फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात दोन ब्रिटिश पाहुणे दुर्बीण, कॅमेरा आणि वैमानिकांचे बोलणे ऐकण्याचे यंत्र यांसह पकडले गेले. पुण्यातील जर्मन बेकरीतील स्फोटाला तेव्हा दोनच दिवस झाले होते. अखेर दंड भरून ते मायदेशी परतले.

सरकारे एका नंबराला इतकी का बिचकतात? कारण नंबर बोलतो. जानेवारी २००४ मध्ये स्पेनच्या पाल्मा विमानतळावर एका हौशी छायाचित्रकाराने ‘एन३१३पी’ या विमानाचा फोटो काढला. त्याच्या दृष्टीने ते आणखी एक बोइंग होते. पुढे पत्रकारांनी उड्डाणांच्या नोंदी जुळवल्या, तेव्हा ते विमान अमेरिकी गुप्तहेर खाते संशयितांना गुप्त तुरुंगांत नेण्यासाठी वापरत असल्याचे उघड झाले. खालिद अल-मसरी या जर्मन नागरिकाला केवळ नावातील साधर्म्यामुळे त्याच महिन्यात त्याच विमानाने अफगाणिस्तानला नेले होते. २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे छंदिष्टाची वही एका ठिकाणी गुन्ह्याचा पुरावा ठरते, तर दुसऱ्या ठिकाणी अन्यायाचा.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. आपल्या देशात १९३७ च्या विमान नियमांनुसार विमानतळावर परवानगीविना छायाचित्रणाला बंदी आली. २००४ पासून प्रवाशांना विमानाच्या आतून फोटो काढण्याची मुभा मिळाली, पण ती सरसकट नाही. पुण्याचे लोहगाव, गोव्याचे दाबोळी हे संरक्षण दलांचे तळ आहेत. तिथे मनाई म्हणजे मनाई. आखाती देशांत तर विमानतळाजवळ दुर्बीण काढूच नये. परदेशात लष्करी विमान दिसले, तर डोळ्यांनी पाहावे, कॅमेरा खाली ठेवावा. वैमानिकांचे बोलणे ऐकण्याचे यंत्र बरोबर नेऊ नये. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर परक्या भाषेत, परक्या पोलिसासमोर देणे फार कठीण असते.

आता आकाशातले विमान कोठून कोठे चालले आहे, हे मोबाइल सांगतो. आजची बहुतेक प्रवासी विमाने आपला ठावठिकाणा स्वतःच रेडिओ लहरींतून प्रक्षेपित करतात आणि जगभरचे हौशी लोक घराच्या छपरावर अँटेना लावून तो टिपतात. अक्कलकुव्याच्या मुलालाही घरबसल्या भूगोलाचा हा धडा मिळू शकतो. मुलांना तो जरूर द्यावा. आणि परदेशी जाताना बॅगेत वही-पेन्सिल अवश्य ठेवावी. फक्त ती उघडण्यापूर्वी आजूबाजूच्या पाट्या वाचाव्यात आणि शंका आली, तर पहारेकऱ्याला सरळ विचारावे.