ईशापूरची तीनशेपंधरा

परवान्याची बंदूक आजोबांपासून चालत आलेल्या घरांत कपाट उघडलं की बहुधा दोहोंपैकी एक वस्तू निघते: बारा बोअरची दुनळी, नाहीतर ईशापूरची .३१५ रायफल. दुनळीचं कौतुक होतं, तिच्यावरचं नक्षीकाम पाहुण्यांना दाखवलं जातं. तीनशेपंधरा मात्र सरकारी, साधी आणि जड म्हणून मागेच राहते. मला हा अन्याय वाटतो. संस्थानिकांच्या रिग्बी आणि हॉलंड अँड हॉलंड रायफली शिकारकथांतून अजरामर झाल्या, पण शेतकऱ्याला आणि छोट्या जमीनदाराला परवडणारी रायफल हीच होती.

तिचा बोअर ठरला तो राजकारणामुळे. ब्रिटिश लष्कराचं काडतूस .३०३ होतं आणि तेच प्रजेच्या हाती जावं, हे सरकारला परवडणारं नव्हतं. म्हणून ली-एन्फिल्डची रचना तशीच ठेवून तिला वेगळ्या काडतुसाची नळी बसवण्यात आली. ते काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मॅनलिखर रायफलीचं, ८×५० मिमी, बुडाला कडा असलेलं. बर्मिंगहॅमच्या बीएसएने अशा रायफली बनवल्या आणि पुढे कोलकात्याजवळच्या ईशापूर रायफल कारखान्याने त्या देशी केल्या. आजही .३०३ प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतो आणि .३१५ सामान्य परवान्यावर मिळते. तिच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं असतात. ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. हा कारखाना १८६९ सालचा.

अशी रायफल दुरुस्तीला काढायची तर पहिली पायरी परवानाधारक गनस्मिथचं दुकान. शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्राची दुरुस्ती हेही परवान्याचंच काम आहे. घरच्या मालकाने करायची ती फक्त साफसफाई, आणि तीही बेताने. पॉलिश पेपर घेऊन गंज घासत बसलं की कारखान्याचे शिक्के आणि क्रमांकही घासले जातात. क्रमांक पुसणं हा गुन्हा आहेच. शिवाय त्या शिक्क्यांतच रायफलीचा जन्मदाखला असतो. वरचा तपकिरी गंज तेलात भिजवून मऊ कापडाने हळूहळू काढावा. लाकडाला कच्च्या जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत आणि जुने ओरखडे राहू द्यावेत. नव्या ब्लूइंगने चकाकणारी जुनी रायफल पाहिली की मला आधी शंका येते, यात काय झाकलंय?

खरी परीक्षा नळीच्या आत होते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की नळीत क्षार उरतो आणि तो हवेतलं पाणी ओढून घेतो. कोकणातल्या पावसाळ्यात अशी नळी किती दिवस टिकणार? हा क्षार तेलात विरघळत नाही, त्याला पाणीच लागतं. म्हणून जुने लोक गोळीबारानंतर नळीत आधी उकळतं पाणी ओतत, ती कोरडी करत आणि मगच तेल लावत. ज्या घरात हे झालं नाही, तिथे नळीतल्या आट्यांच्या (रायफलिंगच्या) कोपऱ्यांत खड्डे पडलेले दिसतात. थोडे खड्डे असले तरी रायफल नेम धरू शकते. नळीच्या तोंडाची कड मात्र साफसफाईच्या सळीने एका बाजूला झिजली असेल, तर गोळी बाहेर पडतानाच भरकटते.

त्यानंतर बोल्ट. या रचनेत बोल्टचं कुलूप पुढे नसून मागे असतं, आणि बोल्टचं डोकं वेगळं, आट्यांनी बसवलेलं असतं. दर बार उडताना धातूला थोडा ताण बसतो आणि काडतुसाचं पितळ लांबतं. वापरलेल्या केसवर बुडाच्या वर चकचकीत वळं दिसलं, तर ती केस तिथून तुटायच्या बेतात आली आहे असं समजावं. बोल्ट आणि नळी यांच्यातलं अंतर, म्हणजे हेडस्पेस, गेजने मोजल्याशिवाय जिवंत काडतूस घालू नये. ‘आजोबांच्या हातात चालत होती’ हा पुरावा होत नाही. बोल्टचं डोकं दुसऱ्या रायफलीचं असू शकतं, आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

लाकडाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण इथे चांगले दस्ते फुकट जातात. एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड) पद्धतीच्या रायफलीत मागचा दस्ता एका लांब बोल्टने (गोळी भरण्याच्या बोल्टने नव्हे) धरलेला असतो आणि त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता दस्त्याचा हा बोल्ट फिरवला, की ते चौकोनी टोक पुढचं लाकूड फोडून टाकतं. याउलट लाकूड आकसून सैल झालं असेल, तर धक्का पेलणाऱ्या जागी ते घट्ट टेकत नाही आणि नेम दर गोळीला सरकतो. अशा वेळी मालक नळीला दोष देतो. मला विचाराल तर आधी लाकूड पाहावं.

मूल्यमापन रेंजवर, उघड्या साइटनेच करावं. हिची गोळी साधारण १५.८ ग्रॅमची, जड आणि संथ. फार लांबच्या पल्ल्यासाठी ती नाहीच. शंभर मीटरवर पाच गोळ्यांचा घोस पाहण्यापेक्षा वेगवेगळ्या दिवशी थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी कुठे लागते, हे मी जास्त महत्त्वाचं मानतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली. आता पीक वाचवण्यासाठी रानडुक्कर मारायचं तरी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. तशी वेळ आलीच, तर जखमी जनावर रानात पळणार नाही याची हमी पहिल्याच गोळीने द्यायला हवी. ती देत नसेल, तर रायफल कितीही देखणी झाली तरी ती नापास.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. त्यामुळे अनेक घरांत काय ठेवायचं आणि काय द्यायचं हा प्रश्न आला, आणि बऱ्याचदा तीनशेपंधराच बाहेर पडते. माझं म्हणणं एवढंच, की निर्णय घेण्याआधी तिचं हेडस्पेस मोजून घ्या, नळीत प्रकाश टाकून आटे पाहा. ते धड असतील, तर नक्षीदार पण सैल बिजागरीची दुनळी आधी द्या.