नाव नको, नंबर सांगा!

आजोबांच्या लष्करी गाडीची एक साखळी सैल झाली आणि माझे दोन महिन्यांचे वीकएण्ड ग्रीसमध्ये माखले. एका सहा आकडी नंबराच्या शोधाची ही गोष्ट.

शनिवार, सकाळचे साडेअकरा. आमचा सगळा ग्रुप कोरेगाव पार्कात ब्रंच करतोय आणि मी नाना पेठेत, एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानासमोर उभी आहे. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत तेलकट, काळीकुट्ट साखळी.

‘‘कशाची आहे?’’
‘‘जीपची. जुन्या. लष्करातल्या.’’
काऊंटरमागच्या काकांनी साखळी बोटावर तोलली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, ‘‘जीप तर सगळेच म्हणतात, ताई. नाव नको, नंबर सांगा.’’

नंबर? माझ्याकडे बॉसचा नंबर होता, पिझ्झावाल्याचा होता, जिमचा मेंबरशिप नंबरही होता. साखळीचा मात्र नव्हता.

मामाचा फोन

सुरुवात झाली कराडहून आलेल्या मामाच्या फोनने. ‘‘अगं, अप्पांची जीप काढून टाकतोय. एकदा येऊन बघून जा.’’

अप्पा म्हणजे माझे आजोबा. कोयनेच्या धरणाचं काम चालू असताना ते तिथे छोटी-मोठी कंत्राटं घ्यायचे. त्याच काळात लष्कराच्या लिलावातून त्यांनी ही जीप उचलली. माझ्या आईच्या लहानपणीच्या प्रत्येक गोष्टीत ही गाडी आहे. आमच्या पिढीने मात्र तिला बहुतेक वेळा ताडपत्रीखालीच पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी मामाने ती पुन्हा चालती केली, तर इंजिनच्या पुढच्या भागातून खडखड सुरू झाली. मिस्त्रींनी निदान केलं, टायमिंगची साखळी सैल झालीय. एखाद दिवशी सरकली की टायमिंग चुकणार आणि गाडी जागेवरच बसणार. उपायही त्यांनीच सुचवला. ‘‘कशाला त्या साखळीच्या नादाला लागता? डिझेल इंजिन टाकतो. मायलेजपण मिळंल.’’

मामाला ते पटलं होतं. नाहीतर भंगारवाला तयारच होता. मी फुशारकीने म्हणाले, ‘‘मला दोन महिने दे. एक साखळी शोधायला असा कितीसा वेळ लागतो?’’

माझी घोडचूक

पहिल्याच वीकएण्डला मी पुण्यातल्या एका दुकानात जाऊन ऐटीत ‘जीपचा टायमिंग सेट’ मागितला. दुकानदाराने दिला, मी पैसे मोजले आणि रविवारी कराड गाठलं. मिस्त्रींनी खोका उघडला आणि हसायलाच लागले. आत साखळी नव्हतीच. दोन गिअर होते.

चूक दुकानदाराची नव्हती, माझीच होती. युद्धकाळातल्या जीपच्या इंजिनात क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत साखळीने पोचायची. युद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, कंपनीने साखळी काढून गिअर बसवले. आपल्याकडे महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे आपल्या बाजारात जे मिळतं ते बहुतेक या नंतरच्या वंशावळीचं.

‘‘मग गिअरच बसवून टाकूया की!’’ मी म्हटलं. मिस्त्रींनी अंगणातली सायकल दाखवली. साखळीने जोडलेली दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरतात. एकमेकांत दात अडकवलेले दोन गिअर मात्र उलट दिशांना फिरतात. म्हणजे गिअर बसवायचे तर कॅमशाफ्टही वेगळा हवा आणि ऑइल पंपही. एका साखळीपायी अर्धं इंजिन बदलायचं!

म्हणून जुनी साखळी पिशवीत घालून मी पुण्याला परतले आणि नाना पेठेतल्या काकांकडे पोचले. साखळीच्या कड्यांवर काहीतरी कोरलेलं होतं, पण झिजून झिजून वाचता येत नव्हतं.

हा ट्रक आहे, मॅडम

काकांनी दुसरा धक्का दिला. ‘‘अमेरिकी लष्कराच्या कागदावर ही जीप नाहीच. ट्रक आहे.’’ मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते खरं निघालं. या चिमुकल्या गाडीचं अधिकृत नाव होतं ‘ट्रक, पाव टन, फोर बाय फोर’.

लष्करी पुस्तकांत सगळ्याच वस्तूंची नावं अशी उलटी असतात. आडनाव आधी, नाव नंतर. टायमिंग चेन शोधायची तर ‘टायमिंग’खाली सापडत नाही, ‘चेन, टायमिंग’ असं शोधावं लागतं. हा फण्डा कळायला मला एक अख्खा रविवार लागला.

दुसरी गोम अशी, की ही गाडी दोन कंपन्यांनी बनवली. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या काढल्या. विलीजची ‘एमबी’ आणि फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’. आराखडा एकच, पार्ट एकमेकांना बसतात, पण नंबर दोघांचे वेगळे.

फोर्डची पद्धत मला भलतीच आवडली. पुढे गाडीची अक्षरं, मग पार्टचा आकडा. ८००५ म्हणजे रेडिएटर, ९५१० म्हणजे कार्ब्युरेटर, ३६०० म्हणजे स्टिअरिंग व्हील. गाडी बदलली की पुढची अक्षरं बदलतात, मधला आकडा तोच. साठच्या दशकातल्या फोर्ड मस्टँगच्या कार्ब्युरेटरच्या नंबरातही ९५१० सापडतो.

या सगळ्याचा खजिना म्हणजे अमेरिकी लष्कराची सुट्या भागांची यादी. त्यात प्रत्येक गाडीला एक ‘जी’ नंबर असे. जीप जी-५०३, डॉजचा पाऊण टनी ट्रक जी-५०२, जीएमसीचा अडीच टनी ट्रक जी-५०८. हा जीएमसी तोच, ज्याचे ताफे आसामातल्या लेडोहून निघणाऱ्या रस्त्याने चीनकडे माल नेत होते. या याद्यांची पुनर्मुद्रणं आजही मिळतात. मी जी-५०३ मागवली आणि ऑफिसच्या कामाच्या वर ती वाचत बसले.

यादीत विलीज आणि फोर्डचे नंबर शेजारी शेजारी होते. आता फक्त आपली गाडी कुणाची, एवढंच ठरवायचं होतं.

गाडीखालची आजी

पुढच्या रविवारी जुनी जीन्स घालून मी जीपखाली शिरले. पुढच्या बंपरमागे चेसिसचा आडवा तुकडा असतो. तो गोल नळीचा असेल तर गाडी विलीजची, उलट्या ‘यू’च्या आकाराचा असेल तर फोर्डची. आमचा ‘यू’ निघाला. बोल्टच्या डोक्यावरही तिरपा ‘एफ’ कोरलेला. सही! मी खालूनच ओरडले, ‘‘मामा, फोर्ड आहे! एफवाले बोल्ट आहेत!’’

‘‘एफवाले लाल डब्यात टाकायचे,’’ वरून आवाज आला. आजीचा.

मी सरपटत बाहेर आले. आजी पायरीवर लसूण सोलत बसली होती. ‘‘आमचे हे गाडीखाली, नि मी कंदील धरून वर. हे पाना मागायचे, बोल्ट सांगायचे. एफवाले लाल डब्यात, बाकीचे निळ्या. मिसळले की शिव्या खायच्या.’’

पंचाऐंशी वर्षांची माझी आजी. तिला आम्ही आयुष्यभर पुरणपोळीची रेसिपी विचारत आलो. गाडीबद्दल कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मी उत्साहात सांगितलं, की आता फोर्डचा नंबर घेतला की झालं. तर ती म्हणाली, ‘‘पण इंजिन कुठं त्या गाडीचं आहे? आधीचं फुटलं. पुण्याहून दुसरं आणून बसवलं. तुझी आई तेव्हा रांगत होती.’’

इंजिनचा नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढच्या वरच्या कोपऱ्यात असतो. मिस्त्रींनी वायरब्रश मारला, मामाने टॉर्च धरला. धुळीखालून अक्षरं उमटली, ‘एमबी’. विलीजचं इंजिन. आणि युद्धकाळातलं, म्हणजे साखळीवालंच. मामाने कपाटातून आरसी बुक काढलं. त्यावर हाच नंबर चढवलेला होता. अप्पा कागदपत्रांच्या बाबतीत पक्के.

चेसिस फोर्डची, इंजिन विलीजचं. यादीत बोट फिरवत मी विलीजच्या रकान्यात आले. सहा आकडे. वहीत लिहिले, दोनदा तपासले.

एका नंबराची किंमत

एवढा आटापिटा कशासाठी? डिझेल इंजिन काय वाईट होतं?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये विण्टेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘विण्टेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार, आणि नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली आणि प्रदर्शनापुरतीच बाहेर काढायची. अट एकच, पण कडक. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला चालत नाही. डिझेल इंजिन बसलं असतं, तर जीप धावली असती, पण त्या नोंदणीची वाट कायमची बंद झाली असती.

नंबर हातात आल्यावर पुढचं काम चक्क सोपं झालं. नाना पेठेतल्या काकांनी तो मुंबईला ऑपेरा हाऊसच्या ओळखीच्या दुकानांत कळवला. तिथे नव्हती. मग मी परदेशातल्या एका विक्रेत्याला फक्त ते सहा आकडे पाठवले. दुसऱ्या दिवशी उत्तर, ‘आहे.’ कस्टम ड्युटीसकट साखळी माझ्या एका लेखाच्या मानधनापेक्षा महाग पडली. पण बसली. पहिल्या फटक्यात बसली.

मिस्त्रींनी स्टार्टर दाबला. दोनदा खोकली, तिसऱ्यांदा सुरू झाली. खडखड गायब. मामा बराच वेळ बोनेटवर हात ठेवून उभा होता. डिझेलचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. विण्टेज नोंदणीचा अर्ज अजून भरायचाय. तो या सुट्टीत.

आजीने जाताना माझ्या हातात लाल डबा ठेवला. तळाशी अजून चार बोल्ट होते. मी नवी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं : चेसिस फोर्ड, इंजिन विलीज. खाली साखळीचा नंबर. आणि कंसात, ‘इंजिन बदललं – माहिती आजीकडून.’

तुम्हीही शोधाला निघताय?

● आधी मूळ कंपनी ओळखा. आपल्या लष्कराची जोंगा मुळात निसानची, शक्तिमान ट्रक जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बनलेला. पार्टचा माग त्या मूळ घराण्यातूनच लागतो.

● गाडीवर नाही, पार्टवर विश्वास ठेवा. ऐंशी वर्षांत इंजिन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, काहीही बदललेलं असू शकतं.

● बेअरिंगवर बनवणाऱ्याचा स्वतःचा नंबर असतो. युद्धकाळातल्या जीपच्या चाकातलं टिमकेनचं बेअरिंग १८५९० आणि १८५२० या जोडीचं. हा नंबर बेअरिंगच्या कुठल्याही चांगल्या दुकानात ओळखतात. ‘जीप’ म्हणायचीही गरज नाही.

● तेरा आकडी नंबर दिसला तर घाबरू नका. १९७४ पासून अमेरिकी लष्कर हीच पद्धत वापरतं. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात (२५३० म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, अ‍ॅक्सल, चाकं), पुढचे दोन देश (१२ जर्मनी, ९९ ब्रिटन) आणि शेवटचे सात त्या वस्तूचे. अकरा आकडीच असेल तर तो त्याआधीचा. त्यात देशाचे दोन आकडे नसतात.

● जुना पार्ट नवा बसेपर्यंत फेकू नका. आणि घरातल्या आजीला विचारल्याशिवाय गाडीखाली शिरू नका.