नवा जोडलेला संगणक सुरूच होत नाही तेव्हा...

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस आणि कॅबिनेट असे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायचे किंवा ऑनलाइन मागवायचे आणि संगणक घरीच जोडायचा, ही हौस मराठी मध्यमवर्गीय घरांना नवी नाही. १९९० च्या दशकात ‘असेंबल्ड’ संगणक जोडून देणारा माणूस घरी येत असे. आता अकरावी-बारावीतली मुले चित्रफिती पाहून हे काम स्वतः करतात. शेवटचा स्क्रू आवळला जातो, घरातली मंडळी भोवती जमतात, बटण दाबले जाते आणि पडदा काळाच राहतो. अशा वेळी सर्वांच्या मनात प्रथम येते ती खर्च झालेली रक्कम. ‘मदरबोर्ड गेला’ हे निदानही तिथल्या तिथे होऊन जाते.

वास्तविक नव्या जोडणीत एखादा भाग मृत निघण्यापेक्षा एखादी जोडणी अपुरी राहण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. मात्र हा फरक लवकर ओळखणे आवश्यक आहे. विक्रेत्याकडे वस्तू बदलून मिळण्याची मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते आणि घाईगर्दीत वाकलेल्या पिना किंवा तुटलेली खाच यांना वॉरंटीचे संरक्षण मिळत नाही. चांगला भाग दुरुस्तीच्या नादात खराब होणे, हे या प्रकारातील सर्वांत महागडे नुकसान होय.

‘संगणक सुरू होत नाही’ या एका वाक्यात चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. काहीच हालचाल न होणे, क्षणभर सुरू होऊन बंद पडणे, पंखे फिरूनही चित्र न येणे आणि चित्र येऊनही विंडोज सुरू न होणे. त्यांतील भेद कळण्यासाठी बटण दाबल्यानंतर आत काय घडते, ते थोडक्यात पाहावे लागेल.

कॅबिनेटवरील बटण स्वतः वीजप्रवाह सोडत नाही. ते मदरबोर्डवरील दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडते, एवढेच. त्या इशाऱ्यावरून मदरबोर्ड एसएमपीएसला जागे करतो. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू करतो आणि ते स्थिर झाले की सेकंदाच्या अंशभरात ‘पॉवर गुड’ हा संकेत देतो. तोपर्यंत प्रोसेसर थोपवून धरलेला असतो. संकेत मिळताच तो मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेल्या बायोसच्या, म्हणजे आजच्या ‘यूईएफआय’च्या, सूचना वाचू लागतो. त्यानंतर रॅम, ग्राफिक्स आणि इतर उपकरणांची स्वयंतपासणी होते. हिलाच ‘पोस्ट’ म्हणतात. ती पार पडली की डिस्कवरील कार्यप्रणालीचा शोध सुरू होतो. ही साखळी कोणत्या कडीपाशी थांबली, हे शोधणे म्हणजेच निदान.

काहीच हालचाल नसेल तर साखळी पहिल्याच कडीला अडली आहे. एसएमपीएसच्या मागील बाजूस एक छोटा स्विच असतो. तो उभ्या रेघेच्या बाजूला दाबलेला हवा. मदरबोर्डच्या कडेला बसणारा चोवीस पिनांचा जोड त्याची खिटी अडकेपर्यंत दाबावा लागतो आणि त्याला अपेक्षेपेक्षा बराच जोर लागतो. यानंतर संशय जातो तो कॅबिनेटच्या बटणापासून येणाऱ्या नाजूक वायरींवर. त्या कोणत्या पिनांवर बसतात, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेतील आकृतीतच पाहावे, कारण प्रत्येक कंपनीची मांडणी सारखीच असेल असे नाही. त्या वायरी काढून पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श केला आणि संगणक सुरू झाला, तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे. एसएमपीएस स्वतः मात्र कधीही उघडू नये; वीज तोडल्यावरही त्यातील कपॅसिटरांत धोकादायक भार उरलेला असू शकतो. त्याचा पंखा फिरत नाही एवढ्यावरून तो निकामी ठरवणेही चूक आहे, कारण काही एसएमपीएसचे पंखे कमी भाराला मुद्दामच थांबलेले असतात.

संगणक क्षणभर सुरू होऊन बंद पडत असेल, तर कुठेतरी शॉर्ट सर्किट असण्याचा संभव असतो. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यापासून वर उचलून धरण्यासाठी पितळी उंचवटे बसवतात. मदरबोर्डला जिथे भोकच नाही अशा जागी एखादा जास्तीचा उंचवटा राहिला, तर तो मागील बाजूच्या सांध्यांना टेकतो. काही सेकंद चालून बंद पडणाऱ्या संगणकात कूलर नीट टेकलेला नसतो किंवा त्याच्या तळाची प्लास्टिकची पातळ फीत काढायची राहिलेली असते.

येथे एक अपवाद ध्यानात ठेवायला हवा. नवा मदरबोर्ड प्रथमच रॅम ओळखतो, तेव्हा तो तिच्याशी कोणत्या वेगाने आणि कोणत्या वेळापत्रकाने बोलायचे, याच्या चाचण्या घेतो. डीडीआर ५ रॅममध्ये, विशेषतः एएमडीच्या २०२२ मध्ये आलेल्या एएम ५ मदरबोर्डांवर, या कामाला काही मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ पडदा काळा असतो आणि संगणक एक-दोनदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरूही होतो. घाबरून वीज बंद केली, की चाचणी पहिल्यापासून सुरू होते. पहिल्या वेळी दहा-पंधरा मिनिटे थांबणे हा फुकटचा उपाय आहे. तो सर्वांत कमी केला जातो, ही गोष्ट वेगळी.

सर्वाधिक डोकेफोड होते ती पंखे फिरतात, दिवे लागतात, पण चित्र नाही, या प्रकारात. सर्वप्रथम मॉनिटरची केबल पाहावी. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवले असेल, तर केबल त्या कार्डाला लावायची असते, मदरबोर्डच्या खाचेत नव्हे. याउलट कार्ड घेतलेलेच नसेल, तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय आहे का, हे तपासावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो, त्यांत ती नसते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये नाही, पण ५६००जी मध्ये आहे. एका अक्षराचा हा फरक दुकानात पैसे वाचवतो आणि घरी काळा पडदा दाखवतो.

दुसरा नेहमीचा अपराधी म्हणजे प्रोसेसरला वीज देणारा चार किंवा आठ पिनांचा स्वतंत्र जोड. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, पंख्यांच्या आड ही जागा असल्याने तो विसरला जातो. तो नसला तरी पंखे फिरतात, पण प्रोसेसर निद्रिस्त राहतो. ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा जोड याच्यासारखाच दिसतो, मात्र त्यातील तारांची रचना वेगळी असते आणि म्हणून पिनांची घरेही वेगळ्या आकाराची केलेली असतात. जोर लावून एकाच्या जागी दुसरा कोंबू नये. सुट्या केबलींचे एसएमपीएस असतील, तर एकाची केबल दुसऱ्याला लावणे हा त्याहून घातक प्रकार. एसएमपीएसकडील पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो आणि डिस्क किंवा मदरबोर्ड जळू शकतो.

त्यानंतर रॅम. दोन पट्ट्या असतील आणि चार खाचा असतील, तर बहुतेक मदरबोर्डांवर त्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. पट्टीच्या दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन खिटीचा आवाज ऐकावा. तरीही चित्र नसेल, तर एकच पट्टी ठेवून पाहावे, मग दुसरी.

आजकालच्या अनेक मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावे लिहिलेले चार बारीक दिवे असतात. तपासणी जिथे अडते, तिथला दिवा पेटून राहतो. निम्मे निदान हा दिवाच करतो, पण काचेच्या कॅबिनेटमधील रंगीत झगमगाटात तो कोणाला दिसत नाही. दिवे नसतील तर पूर्वीप्रमाणे छोटा स्पीकर लावून ‘बीप’ मोजता येतात. त्यांचा अर्थ बायोसच्या निर्मात्यानुसार बदलत असल्याने पुस्तिका पाहणे आलेच.

सारे काही योग्य असूनही सीपीयूचा दिवा विझत नसेल, तर बायोस जुना असण्याची शंका घ्यावी. मदरबोर्ड दुकानात वर्षभर पडून असतो आणि प्रोसेसर त्यानंतर बाजारात आलेला असतो. २०२० च्या अखेरीस आलेले रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसर आधीच्या बी ४५० मदरबोर्डांवर चालतात, पण बायोस अद्ययावत केल्यानंतरच. काही मदरबोर्डांवर प्रोसेसरशिवायही पेन ड्राइव्हवरून नवा बायोस भरण्याचे बटण असते. ते नसेल तर हे काम दुकानदाराकडूनच करून घ्यावे.

चुकीची सेटिंग पुसण्यासाठी वीज काढून मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची सीआर २०३२ बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवतात. एवढ्याने भागले नाही, तर मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा आणि प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी व एसएमपीएस एवढ्यावरच चालवून पाहावा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल, तर कार्डही लावावे. चंदेरी पिशवीवर मात्र ठेवू नये, तिचा पृष्ठभाग वीज वाहू शकतो. बाहेर चालणारा मदरबोर्ड आत चालत नसेल, तर दोष कॅबिनेटमधील बसवणीत आहे, हे उघड होते. सॉकेटातील पिना तपासायच्या असल्यास वीज काढून, आधी धातूला हात लावून आणि चांगल्या उजेडातच.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर सारे काम थांबवून आधी घरातील अर्थिंग तपासून घ्यावे. जुन्या चाळींत व इमारतींत तीन पिनांचे सॉकेट असूनही मागे अर्थिंगची तार नसते. एसएमपीएसमधून झिरपणारा अल्प प्रवाह मग पत्र्यावर येतो. दोन पिनांचा ‘कन्व्हर्टर’ लावून संगणक चालवणे धोक्याचेच.

पडद्यावर ‘बूट डिव्हाइस’ सापडत नसल्याचा संदेश आला, तर हार्डवेअरची मोठी परीक्षा संपली असे समजावे. नवी डिस्क कोरी असते. विंडोज किंवा लिनक्स पेन ड्राइव्हवरून भरायचे असते. जुन्या संगणकाची डिस्क तशीच उचलून लावली असेल, तर तिची जुन्या पद्धतीची विभागणी आजच्या यूईएफआयला चालेलच असे नाही. डिस्क बायोसमध्येच दिसत नसेल, तर ‘एम २’ची ती खाच एनव्हीएमई प्रकारची आहे की साटा, हे पुस्तिकेत पाहावे.

एवढे करूनही यश आले नाही, तर मित्राकडील चालू भाग एका वेळी एकच बदलून पाहावा. तेही शक्य नसल्यास दुकानात जाताना कोणता दिवा पेटून राहतो, किती बीप येतात, काय काय बदलून पाहिले, हे कागदावर लिहून न्यावे. सोबत बिल, खोके, सॉकेटाचे मूळ प्लास्टिकचे झाकण आणि खोके उघडताना काढलेली पिनांची छायाचित्रे असावीत. पिना आधीच वाकलेल्या होत्या की घरी वाकल्या, हा वाद काउंटरवर निघतोच.