जुन्या मोटारीचा मूळ रंग

पन्नास-साठ वर्षांपूर्वींची एखादी मोटार, जीप किंवा मोटारसायकल दुरुस्त करून पुन्हा पहिल्या रूपांत उभी करावी, अशी हौस अलीकडे पुष्कळांना लागली आहे. यंत्राचे सुटे भाग शोधून मिळवितां येतात, न मिळाल्यास घडवून घेतां येतात. गाद्यांना नवें कापड घालतां येतें. परंतु मालकाला सर्वांत शेवटीं आठवतो आणि कारखान्यांत सर्वांत आधीं नष्ट होतो, तो गाडीचा रंग. गाडी हातीं आली, कीं कारागीर ती पत्र्यापर्यंत घासून काढतो, आणि मग कोणी तरी विचारतें, "हिचा मूळचा रंग कोणता होता?" त्या वेळीं उत्तर देणारा साक्षीदार भुकटी होऊन जमिनीवर पडलेला असतो. हा साक्षीदार कसा ओळखावा, त्याची साक्ष कशी घ्यावी आणि त्याच्याशीं जुळणारा नवा रंग कसा बनवावा, हें आजच्या भाषणांत सांगावयाचें आहे.

रंगाला साक्षीदार म्हणणें ही अतिशयोक्ति वाटेल. पण केवळ परभणी जिल्ह्यापुरता विचार करून पाहा. हा जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राजवटींत होता. त्यानंतर भारतांतील हैदराबाद राज्यांत, १९५६ च्या नोव्हेंबरपासून द्वैभाषिक मुंबई राज्यांत आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आला. गांवें जागचीं हाललीं नाहींत, पण त्यांच्यावरचा अंमल बारा वर्षांत तीनदां बदलला. वाहनांचेंही तसेंच. निजामाच्या रेल्वेनें १९३२ सालीं आपलें मोटार-खातें उघडलें, तें २७ गाड्या व १६६ नोकर घेऊन. त्या काळची, स्कॉटलंडांत बनलेली एक आल्बियन बस पुढें हैदराबादेस जपून ठेवण्यांत आली. इकडे मुंबई राज्याची पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास गेली, ती लाकडी सांगाड्याची बेडफर्ड गाडी होती. आज जिला आपण लाल म्हणून ओळखतों, ती एस. टी. आरंभीच्या दिवसांत निळी व वरच्या बाजूस रुपेरी असे. ज्या वाहनानें या प्रदेशांत दोन-तीन राजवटी पाहिल्या, त्याच्या अंगावर त्या राजवटींचे थर एकावर एक बसलेले असण्याचा संभव असतो.

निजामाच्या घराण्याचा रंग पिवळा. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठीं रोल्स-रॉईस कंपनीकडून मागविलेली, सिंहासनासारखें उंच आसन असलेली मोटार पिवळ्याच रंगाची होती. ती वापरण्यापूर्वींच, १९११ सालीं, निजाम वारले. अधिक शोभते म्हणून ती गाडी कोणी काळी करून टाकली, तर ती मोटार राहील. निजामाची राहणार नाहीं.

आतां शोधाकडे वळूं. मूळ रंग शोधावयाचा, तो सर्वांना दिसतो तेथें नव्हे, तर कोणीच पाहत नाहीं तेथें. गाडीला दुसऱ्यांदा रंग देणारा मनुष्य घाईंत असतो. तो दरवाजे, छप्पर व चाकांवरचे पंख रंगवील. पण कारखानदाराच्या नांवाची पितळी पट्टी काढून तिच्याखालीं रंगविणार नाहीं. म्हणून त्या पट्टीखालीं पाहावें. कांचेभोंवतींचें रबर उचलून त्याखालीं पाहावें. दरवाज्याच्या आंतील कापडी किंवा पुठ्ठ्याच्या आच्छादनामागें, बिजागरीच्या पोटांत, घड्याळांच्या फळीमागें, बैठकीच्या पट्ट्यांखालीं, पेट्रोलच्या टांकीच्या पट्ट्याखालीं पाहावें. कुर्ल्यास वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यांत बनलेली एखादी फियाट असेल, तर मागच्या सामानाच्या कप्प्यांतील कोपरे पुष्कळदां पहिला रंग राखून असतात. मोटारसायकलीच्या हत्यारांच्या पेटीची आंतील बाजू तशीच. गाडी सोडवितांना सापडलेल्या प्रत्येक जागेचें छायाचित्र घ्यावें आणि ती जागा कोणती, हें त्याच दिवशीं वहींत लिहावें. महिन्याभरानंतर आठवणीवर विसंबून चालत नाहीं.

कागदपत्रेंही पाहावींत. नोंदणी-पुस्तकांत रंगाचा रकाना असतो. मात्र तेथें नुसतें "निळा" असें लिहिलेलें असतें, आणि निळ्याच्या शंभर छटा आहेत. शिवाय ती नोंद पहिल्या मालकाच्या वेळची, कीं नंतर बदललेली, हें तपासावें लागतें. घरांतील जुन्या छायाचित्रांचा तर फारच जपून उपयोग करावा. पूर्वींच्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांच्या कांचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत, तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. अशा कांचेवर तांबडी मोटार काळी उमटते आणि निळी मोटार फिकट, कधीं कधीं पांढुरकी दिसते. आजोबांच्या लग्नांतील गाडी चित्रांत काळी दिसते म्हणून ती काळीच होती, असा निष्कर्ष काढतां येत नाहीं. छायाचित्रावरून रंगाची वांटणी मात्र चांगली कळते: पंख निराळ्या रंगाचे होते काय, कडेनें रेघ ओढली होती काय, चाकांच्या काड्या कोणत्या छटेच्या होत्या, हें तें खात्रीनें सांगतें.

कारखान्यांचा इतिहासही कांहीं शंका दूर करतो. अमेरिकेच्या फोर्ड कंपनीनें १९१४ पासून १९२५ पर्यंत आपली टी मोटार केवळ काळ्या रंगांत विकली. तेव्हां १९२० सालची फोर्ड हिरवी आढळली, तर तो हिरवा हात मागाहूनचा, असें घासण्यापूर्वींच समजावें.

आतां प्रत्यक्ष परीक्षेची पद्धति. आडोशाची, पण बाहेरच्या रंगाचे सर्व थर असलेली अशी एक जागा निवडावी. तेथें रुपयाच्या नाण्याएवढ्या वर्तुळांत, पाणी लावून, बारीक वॉटर पेपरनें हळूहळू घासावें. मध्यभागीं अधिक, कडेला कमी. म्हणजे तेथें उथळ बशीसारखा खळगा तयार होतो आणि झाडाच्या खोडांतील वलयांप्रमाणें रंगाचीं वलयें उघडीं पडतात. मध्यें पत्रा, त्याभोंवतीं अस्तर, मग पहिला रंग, त्याबाहेर दुसरा, तिसरा. शेवटीं अगदीं बारीक कागदानें घासून तेलाचा थेंब लावला, कीं वलयें स्पष्ट दिसतात.

येथें पाणी लावणें ही केवळ सोय नव्हे. जुन्या रंगांत शिसें असे: शेंदरी अस्तरांत, पिवळ्यांत, कित्येकदां पांढऱ्यांतही. कोरडें घासल्यास ती धूळ श्वासाबरोबर शरीरांत जाते, आणि शिशाचें विष मुलांना तर फारच बाधतें. घासकाम घराच्या अंगणांत, मुलांच्या खेळण्याच्या जागीं कधींही करूं नये; आणि घासलेला चिखल पुसून वेगळा ठेवावा.

वलयें वाचतांना दोन चुका वारंवार होतात. पहिली, अस्तरालाच रंग समजण्याची. तांबूस किंवा राखी थर पत्र्याला लागून असला, तर तो बहुधा अस्तर असतो. दुसरी, प्रत्येक वलयाला स्वतंत्र रंगकाम समजण्याची. कारखान्यांत एकाच वेळीं अस्तराचे व रंगाचे अनेक हात दिले जातात. यांतून वाट काढण्याची खूण अशी: भिंगांतून पाहतां दोन थरांच्या मध्यें धुळीची किंवा मेणाची काळसर रेघ असेल, तर त्या दोन थरांच्या मध्यें काळ गेलेला आहे, रेघ नसेल, तर दोन्ही थर एकाच वेळचे. लांबी भरलेली आढळली, तर तेथें अपघात किंवा दुरुस्ती झालेली आहे. ती जागा सोडून दुसरी घ्यावी. निदान तीन निरनिराळ्या जागीं एकच पहिला रंग निघाला, म्हणजे तो खरा मानण्यास हरकत नाहीं.

रंग सांपडला, तरी तो जसा होता तसाच राहिलेला असतो असें नाहीं. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या उन्हानें रंगांतील बांधणारें द्रव्य जळून जातें व रंगद्रव्याची पांढुरकी पूड वर येते. बोट फिरवलें, कीं ती बोटाला लागते. तांबडा रंग असा गुलाबी होतो. त्यावर थोडें पॉलिश केलें असतां खालची खरी छटा पुष्कळ अंशीं परत येते. म्हणून पूड काढल्यावांचून नमुना घेऊं नये. उलट, जी जागा वर्षानुवर्षें अंधारांत राहिली तेथें तेलाचें द्रव्य पिवळें पडतें: पांढरा रंग सायीसारखा दिसूं लागतो, निळ्यांत हिरवट झांक येते. असा नमुना कांहीं दिवस उजेडांत ठेवला असतां हें पिवळेपण बरेंच उतरतें. म्हणजे उन्हांतला साक्षीदार एका बाजूला झुकतो व अंधारांतला दुसऱ्या बाजूला. सत्य दोघांच्या मध्यें शोधावें लागतें.

रंगाची छटा जुळली तरी रंगाची जात जुळली पाहिजे. आरंभीच्या काळच्या मोटारी बग्ग्यांप्रमाणें ब्रशानें रंगवीत. एकामागून एक हात वाळत ठेवावयाचे व वर वार्निश द्यावयाचें, यांत आठवडेच्या आठवडे जात. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेंत ड्यूपाँ कंपनीचा ड्यूको हा फवाऱ्यानें मारण्याचा, झटपट वाळणारा रंग निघाला, आणि मोटारींच्या कारखान्यांतील ही अडचण दूर झाली. आपल्याकडील कारागिरांच्या बोलण्यांत "ड्यूको" हा शब्द त्यानंतर असा रुजला, कीं मोटारीचा कोणताही रंग तो ड्यूकोच. त्याची ओळख सोपी आहे: आडोशाच्या जागीं थिनरचा बोळा फिरवला असतां खरा ड्यूको विरघळून कापडाला लागतो, भट्टींत पक्का केलेला इनॅमल तसा सहज विरघळत नाहीं. आजचे दोन द्रव्यें मिसळून देण्याचे रंग टिकाऊ आहेत, पण त्यांची झिलई कांचेसारखी असते. जुन्या गाडीवर ती दिली, कीं छटा तंतोतंत जुळूनही गाडी परकी वाटते.

आतां जुळवणी. पॉलिश करून स्वच्छ केलेला मूळ तुकडा शेजारीं ठेवून नव्या रंगाचा नमुना निराळ्या पत्र्यावर, त्याच रंगाच्या अस्तरावर, प्रत्यक्ष गाडीला द्यावयाचे तेवढेच हात देऊन बनवावा. डब्यांतील ओल्या रंगावरून निर्णय करूं नये; वाळल्यावर छटा बदलते. दोन्ही पत्रे कडेला कड लावून तीन वेळां पाहावे: सकाळीं मोकळ्या सावलींत, दुपारीं उन्हांत आणि रात्रीं दिव्याखालीं. दिवसा एकरूप दिसणारे दोन रंग रात्रीं वेगळे दिसतात; याचें कारण त्यांत रंगद्रव्यें निराळीं पडलेलीं असतात व प्रत्येक द्रव्य प्रकाशाचा निराळा अंश परत पाठवितें. तिन्ही प्रकाशांत जुळला, तोच रंग जुळला.

शहरांतील रंगाच्या दुकानांत आतां यंत्रें आलीं आहेत. तें यंत्र ४०० पासून ७०० नॅनोमीटरपर्यंतच्या दृश्य प्रकाशाचा कोणता भाग पत्र्यावरून परत येतो तें मोजतें व मिश्रणाचें प्रमाण सांगतें. यंत्र उत्तम आहे. परंतु तें आपण दाखवूं तेवढेंच पाहतें. उन्हानें विटलेला तुकडा दाखविला, तर तें विटलेलाच रंग मोठ्या अचूकतेनें बनवून देईल. युरोपांत रंगांना ठराविक क्रमांक देण्याच्या पद्धति आहेत. जर्मनींतील राल ही पद्धति १९२७ सालीं ४० रंगांनीं सुरू झाली. आपला रंग अशा क्रमांकाच्या जवळ बसला, तर तो क्रमांक वहींत लिहून ठेवावा. पुढें गाडीला ओरखडा गेला, तर तोच रंग पुन्हा मिळवितां येतो.

शेवटीं एक अवघड प्रश्न. खेड्यापाड्यांत अजून जुन्या जीपगाड्या आढळतात. कोणत्याही जीपला युद्धांतली म्हणण्याचा मोह मालकाला होतो, आणि तिला लष्करी हिरवा रंग द्यावा असें वाटतें. खळगा घासून पाहिला, तर पुष्कळदां पत्र्यालगत निराळाच नागरी रंग निघतो. विलिस कंपनीनें १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीं नागरी जीप विकण्यास सुरुवात केलीच होती. पण समजा, खरोखरच तळाशीं झिलई नसलेला लष्करी हिरवा निघाला. तर काय करावें? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमानें हा ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीं राखून ठेवलेला आहे. खासगी मालकास तो देऊन गाडी रस्त्यावर नेतां येत नाहीं. इतिहास एक सांगतो व कायदा दुसरें. अशा वेळीं गाडीला नियमांत बसणारा रंग द्यावा, पण आंतील एका भागावरचा मूळ थर न पुसतां तसाच राखावा. त्यानें कायदाही पाळला जातो आणि साक्षही बुडत नाहीं.

हाच विचार सर्व जुन्या वाहनांना लागू आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपांत राखलेल्या मोटारींसाठीं व दुचाकींसाठीं नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. सर्व जगांतील जुन्या मोटारींच्या संघांनीं २०१२ सालीं मान्य केलेल्या तुरिनच्या सनदेंतही जपणुकीला पहिलें स्थान आहे, नूतनीकरणाला नंतरचें. म्हणून गाडी घासावयास देण्यापूर्वीं कारागिराला सांगावें, कीं एक हातभर जागा मला हात न लावतां हवी. नवा रंग पांच-दहा वर्षांनीं पुन्हा देतां येईल. जुना एकदां पाण्याबरोबर वाहून गेला, कीं तो कोणत्याही दुकानांत, कोणत्याही किंमतीला मिळत नाहीं.