रचनावाद

रचनावाद : विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रशियात उदयास आलेला व ‘कन्स्ट्रक्टिव्हिझम’ या नावाने ओळखला जाणारा अप्रतिरूप कलासंप्रदाय. दगड कोरणे वा माती घडविणे या पारंपरिक पद्धतींऐवजी लोखंड, काच, लाकूड, तारा इ. द्रव्यांचे घटक जोडून अवकाशात रचना उभारणे, हे त्याचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

या संप्रदायाचा प्रवर्तक व्ह्लाद्यीमिर टाटलिन (१८८५–१९५३). पिकासोच्या घनवादी जोडकामांपासून प्रेरणा घेऊन त्याने केलेल्या उत्थित रचनांपैकी काही १९१५ मध्ये दोन भिंतींच्या कोपऱ्यात तारांनी ताणून बसविल्या होत्या. त्यांना चौथरा वा चौकट यांची गरज उरली नाही. त्याचा ‘तिसऱ्या इंटरनॅशनलचे स्मारक’ (१९१९–२०) हा आराखडा विशेष प्रसिद्ध आहे. सुमारे ४०० मी. उंचीच्या या सर्पिल लोखंडी मनोऱ्यातील घनाकृती, पिरॅमिडसदृश व दंडगोलाकार काचेची दालने अनुक्रमे वर्षातून, महिन्यातून व दिवसातून एकदा स्वतःभोवती फिरावयाची होती. मनोरा मात्र उभारला गेला नाही.

कलेचे प्रयोजन काय, या प्रश्नावर रचनावाद्यांत तीव्र मतभेद झाले. नाउम गाबो (१८९०–१९७७) व त्याचा भाऊ आंत्वान पेव्हस्नर यांनी १९२० च्या ‘वास्तववादी जाहीरनाम्या’त अवकाश व काल यांना कलेचे अधिष्ठान मानले, तथापि कलेचे स्वातंत्र्य त्यांना मान्य होते. उलट, अल्यिक्सांद्र रॉदचेन्को (१८९१–१९५६), व्हार्व्हारा स्त्येपानोव्हा प्रभृतींच्या १९२१ मधील गटाने कलावंताने कारखान्यात जावे, अशी भूमिका घेतली. त्यानुसार स्त्येपानोव्हा व ल्युबॉव्ह पपोव्हा यांनी मॉस्कोतील कापडगिरणीसाठी भौमितिक आकृतिबंध तयार केले. रॉदचेन्को भित्तिपत्रके, पुस्तकांची मुखपृष्ठे व छायाचित्रण यांकडे वळला.

१९३२ मध्ये सोव्हिएट शासनाने स्वतंत्र कलासंघटना बरखास्त केल्या आणि पुढे समाजवादी वास्तववाद हेच अधिकृत धोरण ठरले. तत्पूर्वीच गाबो, एल लिसित्स्की इत्यादींमार्फत हे विचार जर्मनीत पोहोचले होते. उत्तरकाळात अमेरिकन कलावंत डॅन फ्लॅव्हिन याने १९६४ पासून नळीदिव्यांच्या रचनांची एक मालिका टाटलिनला अर्पण केली. चिनी कलावंत आय वेवे याने २००७ मध्ये टाटलिनच्या मनोऱ्याला स्फटिकांच्या झुंबराचे रूप दिले. क्रांतीचे स्वप्न व ऐश्वर्याची हौस यांतील विसंगती त्यातून सूचित होते.

संग्रहालयीन कलेला विरोध करणाऱ्या रचनावाद्यांच्या कृती आज संग्रहालयांतच जतन केलेल्या आढळतात. मात्र कला दैनंदिन जीवनात उतरावी, हा त्यांचा आग्रह मुद्रणयोजन, भित्तिपत्रके व वस्तूंचे अभिकल्प यांतून बऱ्याच अंशी सफल झाला.