पिनकोड हा आकडा नव्हे

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे महामार्ग एकमेकांना मिळतात. इथून माल निघाला की बिल्टीवर पत्ता आणि पिनकोड आलाच. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२पासून लागू झाली. सहा अंक, पहिला शून्य नाही. नाशिक शहराचे पिनकोड ४२२ने सुरू होतात. बेरीज-वजाबाकी करायची नसल्यानं संगणकात तो मजकूर म्हणूनच ठेवायला हवा. हे प्रोग्रामला सांगायचं कसं?

लॅरी वॉल यांची १९८७ची पर्ल भाषा असली विचारपूस करत नाही. एकाच चलात आकडा ठेवा, नाव ठेवा, चालतं. छोट्या कामाला हे सोयीचं असतं, मोठ्या प्रणालीत मात्र चुकीचा पिनकोड एकीकडे शिरतो आणि बिघाड भलतीकडेच दिसतो. स्टीव्हन लिटल यांच्या 'मूस' या लायब्ररीनं २००६मध्ये पर्लला ऑब्जेक्टची नेटकी रचना आणि टाइपचे, म्हणजे मूल्य कोणत्या प्रकारचं असावं याचे, निर्बंध दिले. तिथे टाइपची नावं साऱ्या प्रोग्रामला सामाईक असल्यानं दोन मॉड्युलांनी 'पिनकोड' हेच नाव घेतलं की भांडण ठरलेलं. टोबी इंक्स्टर यांच्या २०१३च्या 'टाइप::टायनी' या लायब्ररीत प्रत्येक टाइप स्वतःच एक ऑब्जेक्ट असतो. मजकुरातून पिनकोड, पिनकोडमधून नाशिकचा पिनकोड, अशी उतरंड रचता येते आणि ती मूस, माऊस, मू या तिन्ही ऑब्जेक्ट-लायब्ररींत चालते.

मराठी माणसाला इथे एक खाचखळगा भेटतो. मजकुराचा साचा तपासणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला, अंकासाठीचा 'बॅकस्लॅश डी' युनिकोड मजकुरातल्या देवनागरी अंकांनाही अंकच मानतो. त्यामुळे मराठी कीबोर्डवरून टाइप केलेला ४२२००१ तपासणीतून सुटतो, पण इंग्रजी अंकांत साठवलेल्या यादीत सापडत नाही. पर्लचं गणित तर त्याची किंमत शून्य धरतं. २०११च्या ५.१४ आवृत्तीत आलेला 'ए' मॉडिफायर लावला की फक्त इंग्रजी अंक चालतात. मला मात्र टाइपला कोअर्शन जोडणं जास्त पटतं: आधी अंक बदलून घ्यायचे, मग तपासायचे. माणसानं आपल्या लिपीत लिहिलं म्हणून त्याला परत का पाठवायचं?

अशी लायब्ररी सांभाळणं लिहिण्याहून अवघड, कारण तिच्या नियमांवर इतरांचे प्रोग्राम उभे असतात. २०१३मध्ये मूसनं 'नम' हा संख्येचा टाइप कडक केला. तोवर अनंत दाखवणारा 'इन्फ'ही संख्या म्हणून खपत होता. बदल योग्यच होता, पण जुन्या सैलपणावर विसंबलेल्या प्रोग्रामांची त्यानं पंचाईत होणार होती. टाइप::टायनीच्या प्रमाण संग्रहात सैल 'लॅक्सनम' आणि कडक 'स्ट्रिक्टनम' दोन्ही आहेत. कोणता घ्यायचा हे वापरणाऱ्यानं ठरवायचं. ही सबुरी मला फार मोलाची वाटते. नवी आवृत्ती सीपॅन या पर्लच्या लायब्ररींच्या भांडारावर चढली की सीपॅन टेस्टर्सचे स्वयंसेवक ती पर्लच्या नव्या-जुन्या आवृत्त्यांवर, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवून बघतात. कुठे चाचणी फसली तर तो अहवाल उघडून सांभाळणाऱ्यानं पुन्हा कामाला बसायचं.